काउंटीने ठराव केला म्हणून बंदुकीचा कायदा बदलत नाही

तुम्ही न्यू जर्सीतून व्हर्जिनियात, फ्रेडरिक्सबर्गजवळ राहायला आलात. शेजारी म्हणाला की आपल्या काउंटीने (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाने) ठराव करून स्वतःला 'सेकंड अमेंडमेंट सँक्चुअरी', म्हणजे शस्त्र बाळगण्याचा घटनादत्त हक्क जपणारं ठिकाण जाहीर केलंय, इथे राज्याचे बंदुकीचे कायदे चालत नाहीत. हे खरं का, आणि हे कायदे दर निवडणुकीला का हेलकावे खातात, असं तुम्ही विचारलंय.

शेजाऱ्याचं म्हणणं चूक आहे. त्या ठरावाला कायद्याने कवडीचीही किंमत नाही. राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल (सर्वोच्च कायदा अधिकारी) मार्क हेरिंग यांनी डिसेंबर 2019 मध्ये तसं लेखी मत दिलं होतं. व्हर्जिनियात राज्याने जेवढे अधिकार दिले तेवढेच काउंटीला असतात. उद्या आपल्याकडच्या एखाद्या ग्रामसभेने 'आम्ही आयकर भरणार नाही' असा ठराव एकमताने केला, तर आयकर खातं काय करेल? तसंच हे.

ठराव पोकळ असला तरी त्यामागचा राग मात्र खराच होता. नोव्हेंबर 2019 च्या निवडणुकीत बंदुकांवर कडक नियम हवे असणाऱ्या डेमोक्रॅटांनी राज्याच्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहं जिंकली आणि पुढच्या काही आठवड्यांत 95 पैकी 90 च्या आसपास काउंट्यांनी असे ठराव करून टाकले. कल्पेपर काउंटीचे शेरीफ (पोलीसप्रमुख) स्कॉट जेन्किन्स तर म्हणाले, वेळ पडली तर हजारो नागरिकांना डेप्युटी, म्हणजे माझे हाताखालचे पोलीस, करून घेईन, म्हणजे त्यांच्या बंदुका शाबूत राहतील. याच गृहस्थांना पुढे पैसे घेऊन डेप्युटीचे बिल्ले वाटल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली आणि 2025 मध्ये ट्रम्प यांनी ती माफ केली. यावर वेगळं काही बोलायला नको.

खरी लढाई काउंटीत झालीच नाही, ती राज्याच्या राजधानीत, रिचमंडला झाली, आणि तिथेही मोजक्या जागांवर. 2017 ची निवडणूक बघा. न्यूपोर्ट न्यूजच्या एका मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना 11,608 मतं पडली. मग 4 जानेवारी 2018 ला दोन चिठ्ठ्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्यांत घातल्या, डबे निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात टाकले आणि एक उचलला. रिपब्लिकन उमेदवाराचं नाव निघालं, कनिष्ठ सभागृह 51-49 असं त्यांच्या पक्षाकडे राहिलं.

31 मे 2019 ला व्हर्जिनिया बीचच्या महापालिका इमारतीत गोळीबार होऊन बारा जण गेले. तेव्हाचे डेमोक्रॅट गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी बंदुकीच्या कायद्यांसाठी 9 जुलैला खास अधिवेशन बोलावलं. रिपब्लिकनांनी दीड तासात ते तहकूब केलं, तेही थेट निवडणुकीनंतरच्या तारखेपर्यंत. माझ्या मते त्यांची सगळ्यात महागात पडलेली चाल हीच. उपनगरांतल्या मतदाराला ते दीड तास नीट लक्षात राहिले.

20 जानेवारी 2020 ला रिचमंडच्या कॅपिटॉलसमोर (विधानभवनासमोर) बावीस हजारांच्या आसपास बंदूकसमर्थक जमले. कुंपणाच्या आत शस्त्रबंदी होती, त्यामुळे बहुतेक जण बाहेरच्या रस्त्यांवर रायफली खांद्याला लावून उभे. काहीतरी भयंकर घडणार अशी भीती होती, पण अटक झाली ती एकीलाच, तीही तोंड झाकल्याबद्दल! दोन-तीन महिन्यांत सगळं राज्य मास्क लावून फिरणार होतं.

त्या वर्षी खासगी विक्रीलाही बॅकग्राउंड चेक (घेणाऱ्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणं), धोकादायक व्यक्तीची शस्त्रं कोर्टाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याची सोय, हरवलेल्या बंदुकीची 48 तासांत खबर आणि महिन्याला एकच हँडगन, असे कायदे झाले आणि 1 जुलैपासून लागू झाले. यातला शेवटचा नियम जुनाच. इथून घाऊक घेतलेली पिस्तुलं आय-95 महामार्गाने न्यूयॉर्कच्या गुन्हेगारांपर्यंत जात, म्हणून 1993 मध्ये तो आणला होता आणि 2012 मध्ये रद्द झाला होता.

असॉल्ट रायफलींच्या विक्रीवरची बंदी मात्र सिनेटच्या न्याय समितीत 10 विरुद्ध 5 मतांनी पुढे ढकलली गेली. ढकलणाऱ्यांत चार डेमोक्रॅट होते. बाहेरच्या बावीस हजारांना जमलं नाही ते आतल्या चौघांनी केलं. म्हणून मी नेहमी सांगतो, मोर्चे बघू नका, समितीत कोण बसलंय ते बघा.

हेलकाव्यांचं कारणही इथेच आहे. इथे गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही आणि राज्याच्या निवडणुका विषम वर्षी येतात, तेव्हा मतदान कमी असतं. रिपब्लिकन गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी 2024 मध्ये बंदुकांची तीस विधेयकं व्हेटोने अडवली, त्यांच्यानंतरची गव्हर्नरपदाची निवडणूक 2025 मध्ये डेमोक्रॅट अबिगेल स्पॅनबर्गर यांनी जिंकली. शिवाय 2020 च्या कायद्यांवर कोर्टात खटले झालेत. तेव्हा आज नेमका काय नियम आहे हे स्टेट पोलिसांच्या संकेतस्थळावरच बघा, शेजाऱ्याला किंवा मला विचारू नका.

आणि एक, तुम्ही एच-वन-बीवर असाल तर हा राज्याचा वाद तुमच्यापर्यंत पोचतच नाही. अशा तात्पुरत्या व्हिसावर बंदूक घेणं किंवा बाळगणं फेडरल कायद्यानेच मना आहे. शिकारीचा परवाना असल्यास सूट मिळते, पण तिच्या भरवशावर दुकानात जाण्याआधी वकिलाशी बोला. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.