७.४२ गेली, आता काय?

पत्र : ‘डोंबिवलीत राहते. २७ वर्षं सकाळच्या ७.४२ च्या फास्टने व्हीटीला नोकरीला गेले. मार्चमध्ये निवृत्त झाले. घरात काही कमी नाही, तब्येतही बरी आहे. पण संध्याकाळी लेक फोनवर “आज काय केलंस?” विचारते तेव्हा सांगायला काही नसतं. सगळ्या म्हणतात, छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोध. मला तो सापडत नाही. माझंच काही चुकतंय का?’

ताई, आनंद शोधायला तो काय चष्मा आहे? मीही एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायला घेतल्या होत्या. चौथ्या दिवशी त्याच पानावर वाण्याची यादी होती.

तुमचं पत्र चार पानांचं. त्यातली तीन पानं लोकलचीच आहेत, लक्षात आलं का? दसऱ्याला डब्यात लावलेल्या झेंडूच्या माळा, ‘कुठे उतरणार?’ विचारून धरून ठेवलेली सीट, आणि ती गवार. परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी पसरायची, दोन्ही टोकं खुडून शीर ओढायची, समोरच्या बाईंनी न विचारता मूठभर शेंगा आपल्याकडे ओढून घ्यायच्या, आणि पारसिकचा बोगदा यायच्या आत भाजी निवडून संपवायची अशी पैज. (२०२२ मध्ये नव्या मार्गिका झाल्या आणि फास्ट लोकल बोगद्यातून जाईनाशा झाल्या. पैजेचं पुढे काय केलंत, ते लिहिलं नाहीत.)

आता तीच गवार तुम्ही ओट्याशी उभ्या राहून मोडता आणि जीव कंटाळतो. गवार तीच आहे हो. गाडीत वेळ ठरलेली होती, कोपरा ठरलेला होता, समोर कुणीतरी होतं. घरी यांचा पेपर वाचून होईल तेव्हा चहा, मुलगा उठेल तेव्हा नाश्ता. ‘आता तू घरीच असतेस ना’ म्हणून गॅसवाला, इस्त्रीवाला, सोसायटीचा प्लंबर, सगळे तुमच्या वाट्याला. यात समाधान माना, असं मी मुळीच सांगणार नाही. निम्मं दुखणं कामाच्या वाटणीचं आहे, ते घरात स्पष्ट बोला. मुलाला पोह्यांचा डबा कुठे असतो ते दाखवून ठेवा. यांनाही चहा करता येत असेल. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नसेल इतकंच.

उरलेल्या निम्म्याचं बघू. ७.४२ परत घ्या. त्या वेळेला गॅलरीत खुर्ची टाकून आपला चहा आपण प्यायचा, फोन आत ठेवून. पहिले काही दिवस चैन पडणार नाही, पायांना अजून स्टेशनची सवय आहे.

दही अजून विकतचं आणता असं लिहिलंय. नोकरीच्या धबडग्यात ते ठीक होतं. आता रात्री दूध बोटाला सोसेल इतपत कोमट झालं की चमचाभर विरजण घालून ढवळा, झाकून ठेवा आणि मग हात लावू नका. मधेच हलवून बघायचा मोह होतो, मला अजून होतो. थंडीत भांडं पिठाच्या डब्यात ठेवा. सकाळी चहाआधी झाकण काढून भांडं जरा तिरकं करायचं. वरची साय न फाटता सगळं दही एकसंध राहिलं, की लेकीला संध्याकाळी सांगायला एक गोष्ट झाली. हसेल ती. हसू दे.

आणि त्या समोरच्या सीटवरच्या बाई. त्या तुमच्या आधी वर्षभर निवृत्त झाल्या, राहतात स्टेशनच्या पलीकडे पश्चिमेला, आणि सात महिन्यांत तुम्ही एकदाही गेला नाहीत. ‘एकदा भेटू या’ असा मेसेज नका पाठवू, त्याचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. उद्या दुपारी अर्धा किलो गवार घ्या आणि पूल ओलांडून जा. निवडून नेऊ नका.