२०१४ ची गाडी चोरीला गेली, विमा कंपनी आयडीव्हीपेक्षा (पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या किमतीपेक्षा) साठ हजार कमी देतेय. भांडावं की मिळतंय ते घ्यावं?

भांडा. आणि भांडण मिटेपर्यंत कंपनीच्या डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे ‘पूर्ण रक्कम मिळाली’ अशा पावतीवर, सही करू नका.

तुम्ही लिहिलंय की पॉलिसीवर आयडीव्ही २ लाख ४० हजार आहे, कंपनीच्या सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान मोजणाऱ्या माणसाने, ‘बाजारभाव’ १ लाख ८० हजार काढला, आणि सही केली की आठ दिवसांत पैसे देतो असं कंपनी म्हणते. वकील करावा का, असंही विचारलंय. पण मला लागलं ते तुमचं शेवटचं वाक्य: ‘घरचे म्हणतात, जुन्या गाडीचे एवढे मिळतायत तेच पुष्कळ.’ हे वाक्य मी २०१९ साली माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलंय. म्हणून लांबलचक लिहितेय.

आमची वॅगनआर २०११ ची. नाशिकला इंदिरानगरमध्ये बिल्डिंगच्या खाली, आठ वर्षं त्याच जागेवर उभी असायची. जानेवारी २०१९ मध्ये एका सकाळी सासूबाईंना डायलिसिसला न्यायला खाली उतरलो तर जागा रिकामी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं. त्या दिवशी आधी रिक्षा शोधली, त्यांना दवाखान्यात सोडलं आणि तिथूनच मी पोलीस ठाण्यात गेले. तिथे ‘दोन दिवस बघा, कुणी ओळखीच्याने नेली असेल’ असं सांगितलं. मी उठले नाही. संध्याकाळी सहा वाजता एफआयआरची प्रत हातात घेऊनच बाहेर पडले. त्याआधी दुपारीच कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवून तक्रार क्रमांक वहीत लिहिला होता. तो क्रमांक पुढे फार कामाला आला.

पुढचे पाच महिने तपासाच्या कागदात गेले. गाडी सापडत नाही असा पोलिसांचा अहवाल, म्हणजे ‘अ’ समरी, कोर्टात मंजूर होऊन हातात येईपर्यंत कंपनी फाइल पुढे सरकवत नाही. जूनमध्ये तो मिळाला. दोन्ही चाव्या, आरसी, गाडी नावावर करून द्यायचे सह्या केलेले २८, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, सगळं दिलं. ऑगस्टमध्ये कंपनीचं पत्र आलं. आयडीव्ही १ लाख ८० हजार. सर्व्हेअरच्या मते बाजारभाव दीड लाख. त्यात दुसरी चावी ‘मूळ’ नाही म्हणून निष्काळजीपणा धरून २५ टक्के कपात. वजा प्रत्येक दाव्यात कापले जाणारे सक्तीचे एक हजार. हातात १ लाख ११ हजार ५००.

त्या रविवारी आमचे धाकटे दीर जेवायला होते. ते विम्याची एजन्सी करतात आणि आमची पॉलिसी दर वर्षी तेच काढायचे. पत्र वाचून म्हणाले, “वहिनी, आठ वर्षांची गाडी. भंगारात पन्नास आले नसते. सही करून मोकळ्या व्हा.” मी म्हटलं, “भाऊजी, पॉलिसीवर १ लाख ८० लिहिलंय ते कशासाठी?” तर म्हणाले, “ती फक्त वरची मर्यादा असते. आमच्या धंद्यातलं तुम्हाला नाही कळायचं.”

मी बावीस वर्षं पतसंस्थेत कर्जाच्या फायली लावतेय. करारावरची प्रत्येक ओळ वाचायची आणि मगच शिक्का मारायचा, हे माझं रोजचं काम. त्या रात्री सासूबाई झोपल्यावर पॉलिसीची सगळी पानं काढून बसले. एजंट आपल्याला पहिलं पान देतात, म्हणजे शेड्यूल. अटींची पुस्तिका कुणी देत नाही. ती मी कंपनीच्या साइटवरून काढली आणि पतसंस्थेच्या प्रिंटरवर छापली.

त्यात दोन ओळी आहेत. खाजगी गाडीच्या सर्वंकष पॉलिसीचा हा ठरलेला मसुदा आहे, त्यामुळे तुमच्याही पुस्तिकेत बहुतेक असतील. एक: आयडीव्ही हीच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत गाडीची ‘मार्केट व्हॅल्यू’ मानली जाईल आणि संपूर्ण नुकसानीच्या दाव्यात तिच्यावर आणखी घसारा लावला जाणार नाही. दोन: संपूर्ण नुकसानीत कंपनीची जबाबदारी म्हणजे शेड्यूलवरची आयडीव्ही वजा मोडीची किंमत. गाडी चोरीला गेली की मोड कुठली? मग वजा करायला उरतात ते सक्तीचे हजार रुपये, पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला. सर्व्हेअरने नव्याने बाजारभाव काढायचा प्रश्नच येत नाही. घसारा आधीच लावून झालेला असतो. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला त्याचा तक्ता आहे, पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि पाच वर्षांपुढे कंपनी आणि गाडीमालक आपसात रक्कम ठरवतात. म्हणजे तुमचे २ लाख ४० हजार कंपनीनेच कबूल केलेत, आणि त्या आकड्यावर प्रीमियमही घेतलाय.

मी याच दोन ओळी मराठीत लिहून, इंग्रजी मूळ ओळी खाली उतरवून, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: निर्णय योग्य आहे. त्या पत्राचा राग मानू नका. विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं तर आधी कंपनीने नकार दिलेला असावा लागतो किंवा महिनाभर उत्तर आलेलं नसावं लागतं. तो नकार म्हणजे तुमचं दार उघडणारा कागद.

ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात अर्ज केला. मुंबई महानगराचा भाग सोडला तर महाराष्ट्राचे अर्ज तिथे जातात. फी नाही, स्टॅम्प नाही, वकील नाही. तक्रार आपणच मांडायची. म्हणजे वकिलाबद्दलचं तुमचं उत्तर इथेच मिळालं.

सुनावणी फेब्रुवारी २०२० मध्ये होती. पहाटेच्या एसटीने वाकडेवाडीला उतरले, तिथून रिक्षाने नारायण पेठ, न. चिं. केळकर रस्त्यावरचं जीवन दर्शन. पिशवीत चार प्रती केलेली फाइल, प्रत्येक पानाला नंबर. कंपनीकडून एक तरुण अधिकारी आला होता. त्याने तेच सांगितलं, आयडीव्ही ही मर्यादा आहे. मी पुस्तिकेचं पान पुढे केलं आणि बोटाने ती ओळ दाखवली. लोकपाल साहेबांनी वाचली आणि त्याला विचारलं, “हे तुमच्याच पॉलिसीतलं आहे ना?” तो “हो” म्हणाला, पुढे काही बोलला नाही. मग चावीचा विषय निघाला. माझी दुसरी चावी २०१६ मध्ये बाजारात हरवली होती. तेव्हाच पोलीस ठाण्यात नोंद केली होती, आणि शोरूममधून गाडीला जुळवून घेतलेल्या नव्या चावीचं बिल माझ्या फायलीत होतं. तीन वर्षांपूर्वीचं बिल. घरी सगळे मला म्हणायचे, काय कागद साठवतेस.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात निकाल आला. १ लाख ७९ हजार, पूर्ण. लोकपालांचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो आणि तीस दिवसांत पाळावा लागतो. मध्ये लॉकडाउन आलं म्हणून पैसे मेमध्ये जमा झाले. मी उशिराचं व्याजही मागितलं होतं, ते मंजूर झालं नाही. साडेसदुसष्ट हजारांचा फरक होता. त्या वर्षी डायलिसिसच्या फेऱ्यांना किती रिक्षाभाडं गेलं ते माझ्या वहीत आहे, म्हणून मला त्या फरकाची किंमत माहीत आहे.

आता मुद्दा भाऊजींचा, कारण तुमच्याही घरी असं कुणीतरी आहे असं तुमच्या प्रश्नावरून वाटतंय. ते आजही गणपतीत पाहुण्यांसमोर म्हणतात, वहिनींचं नशीब चांगलं. नशिबाचा काही संबंध नव्हता. आणि जे गेलं त्याचं काय? २०१८ च्या नूतनीकरणाला कंपनी २ लाख १० हजार आयडीव्ही द्यायला तयार होती. भाऊजींनी मला न विचारता ती १ लाख ८० केली, कारण प्रीमियम कमी दिसतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. वाचले किती? त्या वेळच्या दराने, ५० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) आणि जीएसटी धरून, साडेपाचशे रुपयांच्या आसपास. साडेपाचशेसाठी तीस हजार गेले. ते कुठलाही लोकपाल परत देत नाही, कारण तो आकडा आपल्याच संमतीने ठरला असं कागद सांगतो. मी कागद वाचते म्हणणारी बाई, पण दिराने आणलेला प्रपोजल फॉर्म घरचा माणूस म्हणून न वाचता सही केला. हे मला अजून सलतं.

त्याहून वाईट सीएनजी किटचं. २०१३ मध्ये ४२ हजारांचं किट बसवलं, आरसीवर नोंद केली. पॉलिसीत त्याची वेगळी किंमत लिहून त्यावर साधारण चार टक्के आणि थर्ड पार्टीचे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचे, वरचे साठ रुपये भरायचे असतात. भाऊजी म्हणाले, गरज नाही. किटचा एक रुपया मिळाला नाही. मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय, चारचौघांत सांगितलंय, आणि इथेही लिहितेय. जुन्या गाडीची आयडीव्ही कमी ठेवा असं जो एजंट सांगतो, तो तुमचा विमा करत नाही, स्वतःचं नूतनीकरण टिकवतो. नवी घेतलेली जुनी गाडी आहे आता आमच्याकडे, तिची पॉलिसी मी स्वतः काढते.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. तुमची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर चोरीचं काहीच मिळत नाही, पण आयडीव्ही छापलीय म्हणजे तसं नसावं. गाडीत चावी ठेवून उतरला असाल तर तुमची बाजू पडकी आहे. अटभंगाच्या दाव्यात ‘नॉन स्टँडर्ड’ धरून ७५ टक्के देण्याची रीत सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलीय, तेव्हा तिथे ७५ टक्क्यांवर तडजोड होते हे धरून चला. मात्र एफआयआर लगेच केली आणि कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचा जानेवारी २०२० चा निकाल आहे, गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणातला. कंपनीने उशिराचा मुद्दा काढला तर तो दाखवा. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात.

आणि सही करून बसला असाल तर? तरीही संपलं नाही. दबावाखाली किंवा दिशाभूल करून घेतलेलं डिस्चार्ज व्हाउचर ग्राहकाचा हक्क मारत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटलंय, आणि विमा नियामक आयआरडीएआयनेही २०१५ मध्ये कंपन्यांना तसं बजावलंय. पण मग दबाव होता हे तुम्हाला दाखवावं लागतं, म्हणून मुळात सही नको. कंपनी वादात नसलेली रक्कम आधी द्यायला तयार असेल तर ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारली’ असं स्वतःच्या हाताने लिहून घ्या.

लोकपालाकडे कंपनीच्या नकारापासून एक वर्षात जावं लागतं. ग्राहक आयोगात दोन वर्षं मिळतात, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पण आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, तेव्हा आधी लोकपाल. तिथला निकाल पटला नाही तर तो तुमच्यावर लादला जात नाही, आयोगाचा रस्ता उरतो. उलटं करता येत नाही. वकील लागलाच तर आयोगात लागेल, आणि साठ हजारांसाठी मी तरी करणार नाही.

तुमच्या गाडीला सीएनजी किट होतं का, आणि शेड्यूलवर त्याचा वेगळा आकडा आहे का, ते आजच बघा. असेल तर कंपनीला पाठवायच्या पत्रात तोही मागा. सर्व्हेअरने तो धरलेला नसतो.