छत्री किती लहान घ्यावी?

प्रश्न : विमानातून हवाई छत्रीने (पॅराशूटने) पन्नास उड्या झाल्या. प्रशिक्षणातील २३० चौरस फुटांची छत्री सोडून स्वतःची १५० ची घ्यावी का? साहित्यासह माझे वजन १९० पौंड आहे.

उत्तर : आमच्या मते मुळीच घेऊ नये. पौंडांतील वजनाला छत्रीच्या क्षेत्रफळाने भागले असता १५० च्या छत्रीवर तुमचा भार १.२७ येतो, नवख्याने तो १ च्या वर जाऊ देऊ नये, म्हणून आधी २१०, मग १९०. लहान छत्री वेगवान तर असतेच, शिवाय वळताना झपाट्याने उंची गमावते, आणि जमिनीलगत कोणी आडवे आल्यावर घाबरून एकाच बाजूची दोरी खेचली, की पूर्ण उघडलेल्या, निर्दोष छत्रीखालीच पाय मोडतात. राखीव छत्रीही ऐसपैस असावी; बेशुद्धीत स्वयंचलित उपकरणाने ती उघडली, तर सावरायला तुमचे हात नसतील.