काडी लावण्याआधी : खोडव्याचं पाचट, युरिया आणि गावावरचा धूर

गेल्या पंधरा दिवसांत कृष्णाकाठच्या गावांतून जे प्रश्न आले, त्यातले निम्म्याहून जास्त पाचटाचे, म्हणजे तोडीनंतर रानात उरणाऱ्या उसाच्या वाळक्या पानांचे आहेत. कारखान्यांचा हंगाम जोरात आहे, तोडी आटपलेली रानं मोकळी होतायत आणि सरीत गुडघाभर पाचट पडलंय. म्हणून आज त्यावर सविस्तर लिहितो. बाकीच्या प्रश्नांना थोडक्यात उत्तरं देतो.

वाळवा तालुक्यातले एक शेतकरी लिहितात : "साहेब, मागच्या साली मेळाव्यात ऐकून दोन एकरांत पाचट ठेवलं. पाणी पुढं सरकेना. कोंब उशिरा आले, आले ते पिवळे. शेजाऱ्यानं पेटवलं होतं, त्याचा खोडवा हिरवागार. यंदा मीही पेटवणार. नको म्हणत असाल तर नीट कारण सांगा."

दादा, तुमचा खोडवा, म्हणजे तोडीनंतर उरलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, पिवळा पडला त्यात चूक सांगणाऱ्याची आहे. नोकरीच्या सुरुवातीला मीही एका शेतकऱ्याला "पाचट जाळू नका" एवढंच सांगून मोकळा झालो होतो. पाचटाबरोबर काय टाकायचं ते सांगितलं नाही. त्यांचा खोडवा तुमच्यासारखाच पिवळा पडला आणि पुढच्या वर्षी त्यांनी पेटवलं. ते रान मी अजून विसरलेलो नाही.

पिवळेपणाचं कारण असं. पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) फार थोडं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीला नत्र लागतं. पाचटातलं पुरत नाही म्हणून ते जमिनीतलं उचलतात, आणि नेमकं त्याच वेळी फुटणाऱ्या कोंबाला ते मिळत नाही. पुढे पाचट कुजलं की हेच नत्र पिकाला परत मिळतं, पण तोवर दोन महिने गेलेले असतात. शेजाऱ्याच्या रानात ही ओढाताण झाली नाही. शिवाय राखेतला पालाश (पोटॅश) लगेच हाताशी आला. म्हणून त्याचा खोडवा आधी हिरवा दिसला.

आता त्यानं काय जाळलं त्याचा हिशेब करू. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं, म्हणजे एकरी चार टन धरा. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, स्फुरद (फॉस्फरस) 0.2 टक्के, पालाश 0.7 ते 1 टक्का आणि सेंद्रिय कर्ब 32 ते 40 टक्के असतो. चार टनांत वीस किलो नत्र झालं, म्हणजे 45 किलोची युरियाची जवळजवळ एक गोणी. पालाश 28 ते 40 किलो, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशची एक गोणी किंवा थोडी जास्तच. काडी लावली की नत्र बहुतेक सगळं उडून जातं. पालाश राखेत राहतो, पण वाऱ्यानं उडाला किंवा पहिल्या पाण्यात वाहिला तर तोही गेला. आणि सव्वा-दीड टन कर्ब, जो तुमच्या चिबड होत चाललेल्या जमिनीला सगळ्यात जास्त हवा होता, तो अर्ध्या तासात आभाळात जातो.

मग करायचं काय? तोड झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पुढची कामं उरका. आधी बुडख्यांच्या तोंडावरचं पाचट बाजूला ओढून सरीत घाला. कोंबावर ओझं राहता कामा नये, तुमच्याकडे उशीर झाला त्याचं निम्मं कारण हेच असणार. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा, म्हणजे जमिनीखालचे जोमदार डोळे फुटतील. छाटलेल्या तोंडांवर कार्बेन्डाझिम एका लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात फवारा. मग सरीतल्या पाचटावर टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका. एकरी हिशेब केला तर 32 किलो युरिया, 40 किलो सुपर आणि चार किलो संवर्धन. संवर्धन चाळलेल्या शेणखतात मिसळून विस्कटलं की सारखं पडतं. एक लक्षात ठेवा, हा युरिया जिवाणूंचा आहे, उसाचा नाही. तो खोडव्याच्या खतातून वजा करू नका.

पाणी सरकत नाही ही तक्रार खरी आहे. पहिलं पाणी देताना पाचट पायानं दाबत पुढं जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. चार-साडेचार फुटांची सरी असेल तर अडचण कमी. सरी तीन फुटांची असेल तर एका आड एक सरीत पाचट दाबा आणि मोकळ्या सरीतून पाणी द्या. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना ही अडचणच नाही. एकदा पाचट भिजून बसलं की पाण्याची पाळी लांबते, आणि एप्रिल-मे महिन्यांत कालव्याचं आवर्तन पुढं ढकललं गेलं की त्याची किंमत कळते.

पाचट ठेवलं की बगला (वरंब्यांच्या कडा) फोडता येत नाहीत, मग खत कसं द्यायचं, असं तिघांनी विचारलंय. पहारीनं द्या. बुडख्यापासून अर्ध्या फुटाच्या आत, चार ते सहा इंच खोल भोक, दोन भोकांत एक फूट अंतर. पहिली मात्रा तोडीनंतर पंधरा दिवसांत सरीच्या एका बाजूनं, दुसरी साधारण 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूनं. खोडव्याला हेक्टरी 250 किलो नत्र, 115 स्फुरद, 115 पालाश ही शिफारस आहे, ती या दोन हप्त्यांत निम्मी निम्मी विभागा. माती परीक्षण केलं असेल तर त्याप्रमाणे कमीजास्त करा.

हुमणीच्या भीतीनं पेटवणारेही पुष्कळ. हुमणी, म्हणजे मुळं कुरतडणारी अळी, जमिनीत खोल असते, वरच्या जाळाची धग तिथवर पोचत नाही. तिचा बंदोबस्त वळवाच्या पहिल्या पावसानंतर, कडुनिंब-बाभळीवर संध्याकाळी जमणारे तिचे भुंगे गोळा करून होतो. धगीनं मरतात ती वरच्या दोन-चार इंचांतली गांडुळं आणि जिवाणू. मात्र ज्या रानात गवताळ वाढ किंवा काणी या रोगांची बेटं जास्त दिसली, तिथं मुळात खोडवाच ठेवू नका.

विश्वास बसत नसेल तर यंदा पाच गुंठ्यांत करून बघा. मे महिन्यात तिथलं पाचट हातानं उचला. वरचा थर करकरीत कोरडा लागेल. त्याखालचा काळपट, मऊ, बोटांत चुरणारा असेल, त्यातून बुरशीचे पांढरे धागे पसरलेले दिसतील आणि पहिल्या पावसाला येतो तसा मातीचा वास येईल. जाळलेल्या शेजारच्या रानात त्याच दिवशी ढेकूळ फोडून पाहा, फरक हाताला कळेल.

पाचटाची जागेवर कुट्टी करणारं ट्रॅक्टरचलित यंत्र मिळतं. कृषी यांत्रिकीकरणात त्याला अनुदान आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झालाय, तो आधी काढून घ्या. यंत्र एकट्यानं घेण्यापेक्षा गटानं घेतलेलं बरं. वर्षातले तीन महिनेच ते लागतं.

पलूस तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न : "संध्याकाळी चारी बाजूंनी फड पेटतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडते. सासऱ्यांना दमा आहे, रात्रभर बसून काढतात. कुणाला सांगायचं?"

ताई, हिवाळ्यातल्या संध्याकाळी हा त्रास जास्त होतो, कारण जमिनीलगतची हवा थंड आणि जड झालेली असते. धूर वर चढत नाही, गावावरच पसरून राहतो. कपड्यांवर पडते ती काजळी डोळ्यांना दिसते तरी. छातीत खोल जाणारे कण तिच्याहून कितीतरी बारीक असतात, ते दिसत नाहीत. सासऱ्यांना धुराच्या वेळी घरात, दारं-खिडक्या लावून ठेवा आणि औषधाचं डॉक्टरांना विचारून घ्या. केंद्र सरकारचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला, त्यातल्या शहरांच्या यादीत सांगली, कोल्हापूर, सोलापूर ही आपल्या ऊस पट्ट्यातली शहरं आहेत. पण ते पैसे आणि ती यंत्रणा शहरापुरती. धूर वेशीवर थांबत नाही.

दिल्लीच्या आसपास भाताचं काड जाळणाऱ्यांना नोव्हेंबर 2024 पासून दंड दुप्पट झाला. दोन एकरांच्या आत पाच हजार, पाच एकरांपर्यंत दहा हजार, त्यापुढे तीस हजार. माझं मत विचाराल तर नुसत्या दंडानं काम होत नाही. तिथंही 2018 पासून काड जमिनीत गाडणारी आणि काडातच गहू पेरणारी यंत्रं अनुदानावर दिली गेली, जाळणं कमी होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आपल्या गावात हा विषय ग्रामसभेत काढा. कुट्टी यंत्र कुणाच्या रानात कोणत्या दिवशी जाईल याची यादी चावडीवर लावली, तर पेटवणाऱ्यांपैकी बरेच जण आपणहून थांबतील. बहुतेक जण हौसेनं पेटवत नाहीत, मजूर मिळत नाहीत म्हणून पेटवतात.

"कारखाने, वीजकेंद्रं, गाड्या एवढा धूर सोडतात. आमच्या चार सऱ्यांनी असं काय बिघडतंय?" हा शिरोळकडचा प्रश्न. विचारणाऱ्याचा सूर कडक होता आणि तो मला योग्य वाटतो. कोळशाच्या वीजकेंद्रांनी गंधकाचा धूर रोखणारी यंत्रणा बसवावी हा नियम 2015 मध्ये झाला. मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि 2025 मध्ये बहुतेक संचांना त्यातून सूटच मिळाली. दुसऱ्या बाजूला 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज 6 चे कडक निकष लागू झाले. म्हणजे काही झालंय, काही टळलंय. मोठ्यांना मिळालेल्या सवलतीबद्दल तुम्ही जरूर बोला.

आता पाचटापुरतं खरं ते सांगतो. पाचटातला कर्ब उसानं हवेतूनच घेतलेला असतो. तो कुजला तरी त्यातला बराचसा हवेत परत जातो, थोडा जमिनीत टिकतो. त्यामुळे "पाचट न जाळल्यानं तापमानवाढ थांबेल" असं मी म्हणणार नाही. जाळण्यातलं खरं नुकसान काजळीचं, अर्धवट जळताना निघणाऱ्या विषारी वायूंचं आणि वाया गेलेल्या खताचं आहे. ते वाया गेलेलं खत भरून काढायला आपण आणखी युरिया ओततो, आणि हवामानाचा मोठा प्रश्न तिथं आहे.

त्यावरूनच पुढचा प्रश्न : "ऊस पिवळा दिसला की युरिया फेकतो. नॅनो युरियाची बाटली वापरली तर गोणी बंद करता येईल का?"

फेकलेल्या युरियातलं निम्म्याच्या आसपास नत्र पिकाला लागतच नाही. काही अमोनिया होऊन उडतं, काही नायट्रेट होऊन विहिरीच्या पाण्यात उतरतं. थोडासा भाग नायट्रस ऑक्साइड वायू होऊन वर जातो. हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 270 पट भारी आहे, म्हणून थोडाही जास्त. म्हणून युरिया मातीआड करा, हप्ते वाढवा, एका वेळी कमी द्या. 2015 पासून देशातला सगळा युरिया निंबोळी लेपित केला गेला तो नत्र हळूहळू सुटावं यासाठीच, पण उघड्यावर फेकला तर लेपाचा उपयोग राहत नाही. नॅनो युरिया, म्हणजे पानांवर फवारायचा द्रवरूप युरिया, 2021 मध्ये बाजारात आला. पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं घेतलेल्या प्रयोगांत, निम्मं नत्र कमी करून त्याऐवजी नॅनो फवारलं तेव्हा भाताचं आणि गव्हाचं उत्पादन घटलं. उसाला एकरी शंभर किलो नत्र लागतं, ते अर्ध्या लिटरच्या बाटलीतून येत नाही. पूरक फवारणी म्हणून हवी तर वापरा, गोणीची जागा तिला देऊ नका. आणि दुकानदार गोणीसोबत बाटली घ्याच म्हणत असेल, तर ती सक्ती चालत नाही. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

दोन गावांत कार्बन क्रेडिटचे करार घेऊन माणसं फिरतायत, सही करावी का, असं विचारणं आलंय. घाई करू नका. पाचट राखलं, नांगरट कमी केली, झाडं लावली तर त्याचं मोजमाप होऊन पैसे मिळू शकतात, कल्पना खोटी नाही. पण करार किती वर्षांचा, मोजणी कोण करणार, मिळालेल्या रकमेतला तुमचा वाटा किती आणि मधेच पीक बदललं तर काय, या चार गोष्टी मराठीत लिहून मागा. आधी नोंदणी फी मागणाऱ्याला सरळ परत पाठवा. सातबारा, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती कुणाच्याही मोबाइलवर पाठवू नका. करार आमच्या कार्यालयात घेऊन या, आपण बसून वाचू.

शेवटचा प्रश्न सौर पंपाचा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. दिवसा पाणी देता येतं, रात्री साप-विंचवात दारं धरायला जावं लागत नाही, माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात मोठा फायदा. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर होतो. त्याआधी विहीर किंवा बोअरची नोंद सातबाऱ्यावर आहे का ते तलाठ्याकडे तपासून घ्या, आणि पाणी सामाईक असेल तर बाकीच्या भागीदारांचं ना-हरकत पत्र तयार ठेवा. बरेच अर्ज तिथंच अडकतात.