लेकीच्या हाती पहिला मोबाइल देताना

अगं, दहा वर्षांच्या लेकीला फोन देते आहेस, तर मुलांच्या फोनवर पालकांना लक्ष ठेवता येतं ते गूगलचं फॅमिली लिंक ॲप आजच लावून टाक. त्याहून जास्त लक्ष ठेव गेममधल्या चॅटवर. माझ्या मुलाला तिथे एका अनोळखी ‘दादा’ने आधी गेममधले फुकट डायमंड (तिथले आभासी पैसे) दिले, मग फोटो मागितला, वर “आईला सांगू नकोस” असंही बजावलं. मुलगा थेट माझ्याकडे आला, कारण खरं सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही, असा शब्द मी आधीच दिला होता. तूही दे, आणि पाळ. असं काही घडलंच तर घाबरून चॅट पुसू नकोस. आधी स्क्रीनशॉट काढ, मग ब्लॉक कर. मदतीला १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, दिवसरात्र. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तर मुलांच्या लैंगिक छळाच्या फोटो-व्हिडिओंची तक्रार नाव न देताही करता येते.