०.३० आला म्हणून हुरळून जाऊ नका

संशोधन प्रकल्पासाठी मुलांकडून आत्मसन्मानाची प्रश्नावली भरून घेतली, परीक्षेचे गुण घेतले, सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते सांगणारा, -१ ते १ मधला आकडा) ०.३० आला. छान. पण म्हणून 'आत्मसन्मान वाढवला की गुण वाढतात' असा निष्कर्ष लिहू नका. नेमक्या याच जोडीवर अमेरिकेत भरपूर काथ्याकूट झालाय. १९८६ साली कॅलिफोर्निया राज्याने आत्मसन्मानाच्या प्रसारासाठी चक्क सरकारी कृतिदल नेमलं होतं! पुढे २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन चाळलं, तर गाडी काही अंशी उलटीच निघाली: गुण चांगले पडले की मुलाला स्वतःबद्दल बरं वाटतं. शिवाय घरची परिस्थिती दोन्हींवर परिणाम करते, ते वेगळंच.

०.३० चा वर्ग करा, ०.०९ येतो. म्हणजे गुणांमधल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के आत्मसन्मानातल्या फरकाशी जुळतो. मानसशास्त्रात हे कमी नाही, पण एकेका मुलाबद्दल भाकीत करायला पुरेसंही नाही.

आणि आकडा काढण्याआधी स्कॅटर प्लॉट (प्रत्येक मुलामागे एक ठिपका असलेला आलेख) बघा, हे मी प्रत्येकाला सांगतो. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्बने १९७३ मध्ये चार आकडेसंच दिले. चारही ठिकाणी सहसंबंध साधारण ०.८२, पण एकात ठिपके वक्र रेषेत, तर एकात कोपऱ्यातल्या एकट्या ठिपक्यानेच सगळा सहसंबंध उभा केलेला.

नमुना, म्हणजे अभ्यासाला निवडलेली मुलं, फक्त हुशार तुकडीतला असेल तर गुणांत फरकच थोडा असतो, म्हणून सहसंबंध बहुधा खरा असतो त्याहून कमी दिसेल. तेव्हा मुलं कुठून घेतली ते मार्गदर्शकांनी विचारायच्या आत लिहून टाका.