घर विकलं, पण दाराचं कुलूप अजून जुन्या मालकाच्या मोबाइलवर

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला रिसेलचा टू बीएचके घेतला. खरेदीखत नोंदवलं, सगळी रक्कम देऊन झाली, चाव्या मिळाल्या, शेअर सर्टिफिकेटवर नाव चढायचं काम सोसायटीत चालू आहे. घराच्या मुख्य दाराला बोटाच्या ठशाचं डिजिटल लॉक आहे, दाराबाहेर कॅमेऱ्याची बेल आहे. एक कॅमेरा हॉलमध्ये टीव्ही युनिटवर ठेवलेला आहे आणि एक ड्राय बाल्कनीच्या भिंतीत बसवलेला. एजंटने फ्लॅट दाखवताना ‘स्मार्ट सिक्युरिटीसकट’ असंच सांगितलं होतं, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या माहितीतही तसं लिहिलं होतं. खरेदीखतात मात्र त्याचा एक शब्द नाही. विकणारे गृहस्थ आता हैदराबादला असतात. मागच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला, ‘काल रात्री साडेअकराला बेल वाजवून कोण गेलं? ओळखीचे होते का?’ मी हादरलेच. सगळं अजून त्यांच्या ॲपवर चालू आहे. ‘तुमच्या अकाउंटमधून हे काढा’ असं लिहिलं, तर म्हणतात, ‘ही उपकरणं करारात नव्हती. ३५ हजार द्या, नाहीतर माणूस पाठवून काढून नेतो.’ दिवसभर घरी सासूबाई एकट्या असतात. हे पैसे द्यावे लागतील का? पोलिसांत जाता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पैशांचं आणि पोलिसांचं नंतर बघू. सासूबाई घरी एकट्या असतात, म्हणून आधी आज काय करायचं ते सांगते.

चारही उपकरणांचे जागेवरच फोटो काढा. मागच्या किंवा खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर स्पष्ट दिसेल असा एकेक फोटो हवा. मग दोन्ही कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा बंद करा. वायफायचा राउटर जुन्या मालकाचाच चालू ठेवला असेल तर तो बदला. तुमचा असेल तर पासवर्ड बदला. बेल बॅटरीवर चालत असेल तर तीही उतरवून ठेवा, मात्र बॉक्समध्ये जपून ठेवा, टाकून देऊ नका.

लॉकचं मात्र वेगळं आहे. वायफाय बंद केलं की निर्धास्त झालो असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ठसे, पिन आणि कार्ड लॉकच्या आतच साठवलेले असतात, त्यांना इंटरनेट लागत नाही. जुन्या मालकाचं अख्खं कुटुंब, त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाई, कधीकाळी पिन सांगितलेला कुरिअरवाला, हे सगळे आजही तुमचं दार उघडू शकतात. शिवाय अशा बहुतेक लॉकना एक साधी किल्लीही असते, ती तुम्हाला मिळाली आहे का बघा. कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावून लॉक पूर्ण रिसेट करून घ्या. मास्टर पिनशिवाय रिसेट होत नसेल तर दुसरं लॉक बसवा आणि जुनं पिशवीत घालून तुमच्या कपाटात ठेवा. तोवर दिवसाही आतून कडी लावायला सासूबाईंना सांगा.

आता पैशांचा प्रश्न. ‘करारात नव्हती’ हा युक्तिवाद ऐकायला पक्का वाटतो, पण कायद्यात तो अर्धाच टिकतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ८ सांगतं की वेगळा हेतू व्यक्त झालेला नसेल किंवा ओघाने निघत नसेल, तर घर विकल्यावर घराबरोबर त्याची कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि घरासोबत कायम वापरासाठी ठेवलेल्या बाकी सगळ्या वस्तूही खरेदीदाराकडे जातात. हे शब्द कायद्यातच आहेत, कुलपं आणि किल्ल्या नाव घेऊन. म्हणजे दाराचं लॉक तुमचं आहे, आणि त्याची किल्ली मोबाइलमध्ये असली तरी ती किल्लीच आहे. खरेदीखतात लॉकचा उल्लेख नाही याचा अर्थ ते वगळलं असा होत नाही. वगळायचं होतं तर विकणाऱ्याने तसं लिहायला हवं होतं.

बेल आणि बाल्कनीतला कॅमेरा यांच्या बाबतीत कलम ३ मधली ‘जमिनीशी संलग्न’ची व्याख्या कामी येते. भिंतीला जोडलेली वस्तू त्या घराच्या कायमच्या उपभोगासाठी जोडली आहे का, हे पाहायचं असतं. बाल्कनीचा कॅमेरा भिंतीत खिळवून, वायर आतून ओढून बसवलाय, बेलही जुन्या बेलच्या जागी आहे. शिवाय एजंटचा ‘सिक्युरिटीसकट’ हा मेसेज तुमच्याकडे आहे. लेखी करारात जे आलंय त्याच्या विरुद्ध तोंडी बोलणं पुराव्यात चालत नाही, पण ज्या मुद्द्यावर लेख गप्प आहे आणि जो लेखाशी विसंगत नाही, त्यावरचं स्वतंत्र बोलणं सिद्ध करता येतं. पूर्वीच्या पुरावा कायद्यातली ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९५ मध्ये आहे. या दोन वस्तूंवर तुमची बाजू भक्कम आहे.

टीव्ही युनिटवर नुसता ठेवलेला कॅमेरा ही मात्र जंगम वस्तू. त्यावर त्यांचा हक्क मान्य करून तो परत देऊन टाका. हॉलमध्ये बसून घरच्यांकडे बघणारा परक्याचा कॅमेरा तसाही कोणाला हवाय? ३५ हजारांतला एक रुपयाही लॉकसाठी देऊ नका.

खरा पेच मालकीचा नाही. वस्तू तुमची झाली तरी तिचा ताबा ज्या अकाउंटमधून चालतो ते अकाउंट म्हणजे विकणारा आणि कंपनी यांच्यातला करार आहे. खरेदीखताने ते तुमच्या नावावर होत नाही. चोरीला आळा बसावा म्हणून बऱ्याच कंपन्या उपकरण पहिल्या अकाउंटला बांधूनच ठेवतात. तुम्ही रिसेट केलंत तरी ॲप म्हणतं, ‘हे उपकरण दुसऱ्या अकाउंटला जोडलेलं आहे.’ त्यांनी आपल्या ॲपमधून ते काढून टाकल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही. म्हणून त्यांच्याकडून मागायचं ते हेच : उपकरण अकाउंटमधून काढा आणि ज्या ज्या नातेवाइकांना ॲपमध्ये सामील केलं होतं त्यांनाही काढा.

आणि हे मागणं म्हणजे त्यांची मेहेरबानी नाही, त्यांचं कर्तव्य आहे. त्याच १८८२ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं की खरेदीदाराने मागितल्यावर विकणाऱ्याने मालमत्तेच्या स्वरूपाला साजेल असा ताबा द्यायचा. ज्या घराचं दार हैदराबादमध्ये बसून उघडता येतं, ज्या घरी रात्री साडेअकराला कोण आलं हे जुन्या मालकाला तुमच्याआधी कळतं, त्या घराचा पूर्ण ताबा तुम्हाला मिळाला असं मी तरी म्हणणार नाही. माझ्याकडे अशी केस आली तर पहिला मुद्दा मी हाच मांडेन. चाव्यांचा जुडगा हातात दिला म्हणजे ताबा दिला, हा काळ मागे पडलाय.

पोलिसांचं काय? माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चं कलम ४३ संगणक किंवा संगणक प्रणालीत मालकाच्या किंवा ती सांभाळणाऱ्याच्या परवानगीशिवाय शिरण्याबद्दल आहे. व्याख्या इतकी रुंद आहे की कॅमेरा आणि स्मार्ट लॉक तिच्यात बसवता येतात. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे, आणि तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी करतो.

इथे ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द सगळं ठरवतो. पहिला मेसेज आला तेव्हा ते म्हणू शकतात, ‘ॲप काढायचं राहिलं, नोटिफिकेशन आलं म्हणून काळजीने विचारलं.’ हा बचाव कदाचित खराही असेल. पण तुम्ही ‘अकाउंटमधून काढा’ असं लिहिलंत त्या क्षणापासून त्यांना परवानगी उरली नाही, आणि तरीही उपकरणांचा ताबा आपल्या हातात ठेवून त्यांनी पैसे मागितले. तुमचा तो मेसेज या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद आहे. चॅट डिलीट होऊ देऊ नका, फोन बदलू नका. उद्या कोर्टात स्क्रीनशॉट द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मूळ फोन जपलेला बरा.

काही जण तुम्हाला सुचवतील की बाई घरात आहे, चोरून पाहण्याचं कलम लावा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बाईच्या अगदी खाजगी क्षणांपुरतं आहे. हॉलमधल्या साध्या हालचालीला ते आपोआप लागत नाही. तसा खाजगी क्षण टिपला गेल्याचा संशय असेल तर अवश्य सांगा, नाहीतर न बसणारी कलमं तक्रारीत कोंबू नका. तक्रार त्याने कमकुवत होते. माणूस पाठवून वस्तू काढून नेण्याची धमकी मात्र लक्षात ठेवा : तुमच्या परवानगीशिवाय, धाक घालायला कोणी घरात शिरलं तर ते कलम ३२९ खालचं गृहअतिक्रमण होऊ शकतं. वॉचमनला तसं सांगून ठेवा.

पण थेट पोलीस ठाणं गाठायच्या आधी एक नोटीस पाठवा. ईमेलने, व्हॉट्सॲपने आणि स्पीड पोस्टने, तिन्हीकडून, आणि पोच ठेवा. भाषा सौम्य, तारखा नेमक्या. ताबा कोणत्या तारखेला घेतला, मेसेज कधी आला, तुम्ही परवानगी काढून घेतल्याचं कधी कळवलं, हे लिहा. सात दिवसांत उपकरणं अकाउंटमधून काढावीत, मास्टर पिन, कार्डं, यांत्रिक किल्ल्या आणि खरेदीची बिलं द्यावीत, दरम्यान उपकरणांना हात लावू नये, असं मागा. बिल विसरू नका. वॉरंटी त्यावरच चालते आणि कंपनीच्या कस्टमर केअरकडे गेलात तर तेच विचारतात. एका गोष्टीत घाई करू नका : ‘आमचं सगळं रेकॉर्डिंग पुसून टाका’ असं पहिल्याच नोटिशीत लिहू नका. ताबा घेतल्यानंतर त्यांनी काय पाहिलं, किती वेळा ॲप उघडलं, याचा पुरावा त्यातच आहे. आधी ‘जपून ठेवा’ लिहा. वाद मिटला की लेखी पुसून घ्या.

सात दिवसांत उत्तर नाही आलं तर तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्या. १९३० हा नंबर प्रामुख्याने पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यात वेळ घालवू नका. भरपाई हवी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात हे काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे असतं. दिवाणी कोर्टातून मनाई हुकूमही मिळू शकतो. मात्र माझं मत विचाराल तर एका लॉकसाठी कोर्टाची पायरी चढण्याआधी नवं लॉक बसवून मोकळं व्हा. नोटीस आणि तक्रार तुमच्या सुरक्षिततेसाठी आहेत, लॉकच्या किमतीसाठी नाहीत.

दुसरी बाजूही सांगते, कारण तिच्यात तुमच्यावरही जबाबदारी आहे. कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर त्या कुटुंबाचं महिन्यांचं घरगुती आयुष्य असू शकतं. ते उघडून पाहू नका, कोणाला दाखवू नका. कार्ड पाकिटात घालून, वर तारीख टाकून, त्यांना परत द्या आणि पोच घ्या. लॉकमधले त्यांचे ठसेही रिसेटने पुसले जातील, हे त्यांच्याही हिताचं आहे. नोटिशीत हे आवर्जून लिहा. समोरचा माणूस बहुतेक वेळा अशा एका वाक्याने नरमतो.

बेल पुन्हा लावाल तेव्हा ती समोरच्या शेजाऱ्यांच्या दारात डोकावत नाही ना, तेवढं बघा. आता त्या कॅमेऱ्याच्या मालक तुम्ही आहात. घरात राहणाऱ्या इतरांच्या संमतीशिवाय घरात कॅमेरा लावणं खाजगीपणाचा भंग ठरतं, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दोन भावांच्या वादात म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. सासूबाईंना विचारूनच आतला कॅमेरा ठेवायचा की नाही ते ठरवा.

ज्यांचं साठेखत अजून व्हायचंय त्यांच्यासाठी एक मसुदा देते. खरेदीखतात किंवा निदान ताबा पावतीत तो घाला. ‘सदर मिळकतीत बसविलेली डिजिटल लॉक, कॅमेरे, व्हिडिओ बेल व इतर सुरक्षा उपकरणे, ज्यांचे सिरियल नंबर सोबतच्या परिशिष्टात नमूद आहेत, ती किमतीत समाविष्ट असून लिहून देणार यांनी ताब्याच्या दिवशी, लिहून घेणार यांच्या समक्ष, ती आपल्या सर्व अकाउंटमधून काढून टाकली आहेत. पिन, कार्डे, किल्ल्या व बिले सुपूर्द केली आहेत. यापुढे लिहून देणार किंवा त्यांच्यातर्फे कोणीही सदर उपकरणांत प्रवेश करणार नाही.’ ‘समक्ष’ हा शब्द गाळू नका. दोघांनी हॉलमध्ये शेजारी बसून, एकाने ॲपमधून उपकरण काढायचं आणि दुसऱ्याने तिथेच आपल्या फोनला जोडायचं. जोडलं गेलं की मगच शेवटचा चेक हातात द्यायचा.

तुमचा शेवटचा चेक आधीच गेलाय, म्हणून तुमच्यासाठी नोटीस. ती उद्याच पाठवा. ते ऐकणारे निघाले तर उपकरण काढतानाचा स्क्रीनशॉट त्यांच्याकडून मागवून घ्या आणि खरेदीखताच्या फाइलमध्ये, इंडेक्स टूच्या (नोंदणी कार्यालयाकडून मिळणाऱ्या व्यवहाराच्या उताऱ्याच्या) मागे लावून ठेवा. पुढे घर विकाल तेव्हा तुमच्या खरेदीदारालाही तो दाखवावा लागेल.